राखेत रोज ठसे, कॅमेऱ्यात कोणीच नाही

जुळारी (९ एप्रिल, रात्री १०:२०)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागतो.

मी गिरगावात एका छापखान्यात ३१ वर्षं काढली. आधी खिळे जुळवले, खिळे गेले तशी प्रुफं वाचली. निवृत्त होऊन तीन वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात गावी आलो. [गाव आणि तालुका नंतर काढले आहेत, कारण खाली येईल.] घरामागे परडं आहे. चार रायवळ आंबे, फणस, काजू, मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या केळी. भोवती चिऱ्यांचा गडगा. एका कोपऱ्यात तो पावसात ढासळला, तो अजून बांधून घेतलेला नाही. त्या खिंडारातून खाली पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतार जातो आणि रात्री जे कोण येतं-जातं ते तिथूनच.

दिवाळीत जावयाने ट्रेल कॅमेरा आणून दिला. हिरवट तपकिरी पेटी, आठ पेन्सिल सेल, समोरून काही गेलं की आपोआप फोटो. खिंडारासमोर आंब्याच्या खोडाला छातीइतक्या उंचीवर पट्ट्याने बांधला. आतापर्यंत रानडुकरं, कांडेचोर (उदमांजर), एक साळिंदर, मुंगूस, शेजारच्यांचा बोका आणि एकदा आमची ही, हातात बॅटरी घेऊन मलाच शोधत असलेली. पहिल्याच आठवड्यात बिबट्याचा ठसा सापडला म्हणून मी वाडीभर सांगून आलो होतो. चार बोटं, चारही बोटांपुढे नखं. मग कोणीतरी सांगितलं की बिबट्या नखं आत ठेवून चालतो, हा आपल्या वाडीतला कुत्रा. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवून ठसे बघतो.

आमच्याकडे सगळा जांभा. कातळावरून हत्ती गेला तरी खूण राहायची नाही. म्हणून खिंडारात चुलीतली राख चाळून हातभर रुंदीचा पट्टा पसरला. रात्री जेवणं झाली की दहाच्या सुमारास झाडणीने तो सारखा करतो आणि सकाळी सहाला, चहाच्याही आधी, बघून येतो. "त्याच्यावर रांगोळीची दोन बोटंही ओढा," असं ही म्हणते.

आता मुद्दा. २० मार्चपासून आठवड्यातून तीन-चारदा या राखेत एकच खूण उमटते. मधोमध दोन बोटं रुंद ओढ, अखंड नाही, मधेच पुसट होणारी. तिच्या दोन्ही अंगांना पावलं. मागची पावलं गोल, बोथट, बरणीचं बूच दाबावं तशी, पुढे नखांची टिंबं. पुढची पावलं मला वाचताच येत नाहीत. कोणी मूठ टेकली असावी असं काहीतरी. दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून फोटो काढलेत ते जोडतो, कॅमेऱ्यात आलेल्या जनावरांचेही. मागचं पाऊल नाण्याच्या दीडपट भरतं.

कामाला येतो तो गडी म्हणाला, "साळू हाय, दुसरं काय!" शेजारचे अण्णा म्हणतात घोरपड. पण घोरपड रात्री दहा ते सहा हिंडते का?

आणि या सगळ्या रात्रींचं कॅमेऱ्यात काहीही नाही. नऊ रात्री ठसे, फोटो शून्य. कार्डात १,१४६ फोटो आहेत, पण मुंगसासारखे पाच-पंचवीस सोडले तर सगळे केळीच्या पानाचे. आधीची दोन कार्डं मी रिकामे फोटो न बघता पुसून टाकली, हे शेवटचं तेवढं शिल्लक आहे. कॅमेरा बिघडला म्हणायचा, की मी?

सह्यभटक्या (९ एप्रिल, रात्री ११:०५)

काका, बिघडलेला नाही. हे कॅमेरे नुसती हालचाल ओळखत नाहीत, आजूबाजूच्यापेक्षा गरम किंवा गार असं काही हललं तर ओळखतात. एप्रिलमध्ये हवाही तापलेली आणि प्राण्याचं अंगही. सेन्सरला फरकच कळत नाही. पाऊस पडेपर्यंत थांबा. घाई असेल तर खिंडारात मूठभर सुकट टाका, बघा रांग लागते की नाही.

पिसोरी (१० एप्रिल, सकाळी ७:१५)

काका, सगळ्यात आधी एक काम करा. प्रश्नातलं गावाचं आणि तालुक्याचं नाव काढा. आत्ता काढा, कारण नंतर सांगते. ठशांच्या फोटोत मागे घर दिसतंय, ते दोन फोटोही काढा.

सुकट नको हो! आमिष टाकलं की प्राणी एरवी काय करतो ते दिसत नाही, सुकट मिळाल्यावर काय करतो ते दिसतं. शिवाय वाडीतली सगळी कुत्री तिथे मुक्कामाला येतील.

उष्णतेचं म्हणणं दुपारपुरतं खरं आहे. ऊन आणि वारा असताना तापलेलं केळीचं पान हललं की सेन्सरला ते जनावरच वाटतं, म्हणून तुमचे हजार फोटो. ते पान कापा किंवा कॅमेरा फिरवा. रात्री मात्र कोकणातसुद्धा हवा बऱ्यापैकी उतरते. रात्रीच्या जनावराला सेन्सर चुकतो आहे असं मला वाटत नाही, कारण तुमचेच फोटो वेगळं सांगताहेत.

डुकराच्या तिन्ही फोटोंत नुसती पाठ आहे, पाय एकाही फोटोत नाहीत. साळिंदराचे काटे तेवढे दिसताहेत. कांडेचोर पूर्ण दिसतोय, पण तो गडग्यावरून चाललाय. काका, तुमचा कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीच्या खालचं जगच बघत नाहीये. माणूस आपल्या छातीच्या उंचीवर बांधतो, कारण बांधायला तेच सोपं. मी पुण्यात एका अभ्यासगटासाठी कार्डं तपासायला बसते, दर दुसऱ्या नवशिक्याचं हेच असतं.

आणि दुसरी गंमत. मुंगसाचा फोटो रंगीत आहे, अंगावर ऊन आहे, आणि खाली वेळ छापली आहे रात्री १:४०. मुंगूस दिवसाचं जनावर. तुमच्या कॅमेऱ्याच्या घड्याळात दिवस-रात्र उलटी बसली आहे. म्हणजे तुम्ही ज्या फोटोंना "दुपारचं केळीचं पान" म्हणून सोडून दिलं, त्यातले काही रात्रीचे असतील. कार्डात शिल्लक असलेले रिकामे फोटो पुन्हा बघा. ज्यांना रंग नाही, ते वेगळे काढा.

माजी_वनरक्षक (१० एप्रिल, दुपारी १२:५०)

भाऊ, मी मेळघाटात २६ वर्षं होतो. आमच्या काळी कॅमेरे नव्हते. ठशावर काच ठेवायची, वरून स्केचपेनने रेघ मारायची, मग ती कागदावर उतरवायची. चांगला ठसा असला तर प्लास्टरचा साचा. अशा कागदांवरून देशभरातले वाघ मोजले जात. मग राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पाचं झालं. कागदावर वाघ होते आणि २००५ मध्ये कळलं की रानात एकही उरला नाही. २००६ च्या गणनेपासून कॅमेरे आले. पट्टे प्रत्येक वाघाचे वेगळे असतात, डाव्या अंगाचे वेगळे आणि उजव्या अंगाचे वेगळे, म्हणून वाटेच्या दोन बाजूंना दोन कॅमेरे लावतात. ठशावरून एकेक वाघ वेगळा ओळखणं अवघड, हे आम्हालाही माहीत होतं, पण विचारतो कोण.

केळीच्या पानाचं मनाला लावून घेऊ नका. २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले. त्यात वाघाचे ७६,६५१. म्हणजे हजारात दोन. बाकीचं गवत, गुरं, माणसं आणि आमच्यासारखे बिट गार्ड.

आता तुमच्या ठशाचं. तुम्ही राखेतली तेवढी दोन पावलं बघत बसलात. ठसा एकटा वाचत नसतात. तिथून मागे वीस पावलं जा, पुढे वीस पावलं जा. सकाळी सातच्या आत, सूर्य समोर ठेवून, वाकून, म्हणजे खळग्यात सावली भरते आणि जे उभ्याने दिसत नाही ते दिसतं. ओढीवर पाय न देता बाजूने चालायचं. ठशावर दवाचे थेंब बसले असतील तर जनावर दव पडायच्या आधी गेलं. एखाद्या किड्याची रांग ठशाच्या कडा ओलांडून गेली असेल तर त्यालाही वेळ झाला. जनावर कशासाठी आलं होतं तिथपर्यंत पोचाल तर नाव आपोआप कळेल.

घोरपड नाही. तिची शेपटी नागमोडी जाते, बोटं लांब उमटतात, आणि ती उन्हातली. साळूची एक रेघ नसते, खराटा फिरवल्यासारख्या बारीक बारीक बऱ्याच असतात. मला जे वाटतं ते पिसोरीताईंनाही वाटत असणार. ते मीही इथे लिहीत नाही.

सत्तरीकर (१० एप्रिल, रात्री ८:३०)

विषयांतर, पण सांगतो. आम्ही गोव्यात सत्तरीला काजूच्या बागेत कॅमेरा लावला होता. महिन्याने पेटी उघडली तर आत मुंग्यांचं बिऱ्हाड, अंड्यांसकट. कार्ड बाहेर काढेपर्यंत दोन्ही हात सुजले. झाकणाच्या रबराला फट राहू देऊ नका आणि आत ती पांढऱ्या खड्यांची पुडी टाका, जी नव्या बुटांच्या खोक्यात मिळते. पावसात तर हवीच.

माकडांचं विचारू नका. कॅमेऱ्यात माझ्याकडे एका वानराच्या नाकपुडीचे चाळीस फोटो आहेत.

जुळारी (१२ एप्रिल, रात्री ९:४५)

गावाचं नाव काढलं. घराचे फोटोही काढले.

पिसोरी, मुंगसाची वेळ बरोबर पकडलीस गं. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं आणि स्वतःच्या कार्डावरची एवढी ढळढळीत चूक सुटली. छापखान्यातल्या कोणाला सांगू नये. काल दुपारी सगळे रिकामे फोटो एकेक करून बघितले. रंग नसलेले अकरा निघाले. घड्याळ उलटं धरलं तर सगळे रात्री १:५० ते ३:१० मधले. मी राख बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करतो. त्या कॅलेंडरशी ताडून पाहिले, अकरापैकी नऊ बरोबर त्याच रात्रीचे. म्हणजे ओढ राखेत उमटली त्या नऊच्या नऊ रात्री कॅमेऱ्याला कोणीतरी जाणवलं होतं. त्याने फोटोही काढला होता. फोटोत गडगा आहे, चंद्र आहे एका ठिकाणी, आणि ते नाही.

आता वनरक्षक साहेबांचं ऐकून काय झालं ते. आज सकाळी साडेसहाला राखेत ओढ होती. खिंडारातून आत ती आंब्याच्या बुंध्याला अगदी चिकटून गेली आहे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बरोबर पायाशी! तिथून पाचोळ्यात हरवली. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे ओणवा होऊन शोधत होतो, ही वरून विचारते, "काय पडलं?" पाचोळा एका बाजूला लोटल्यासारखा एक पट्टा दिसला, तो काजूंच्या मागे गेला. तिथे एक जुनं वारूळ आहे, माझ्या गुडघ्याएवढं. त्याला एका बाजूने नव्याने भोक पाडलेलं, नारळ जाईल एवढं. माती ओली लाल, खाली ढीग. भोकाच्या आत नखांचे उभे ओरखडे. वाळवी सैरावैरा धावत होती. शेजारी आणखी दोन भोकं, ती जुनी, त्यांच्या तोंडाला कोळ्याचं जाळं. उदबत्तीच्या काडीने मोजलं तर आतली खोली काडीपेक्षा जास्त.

मी आजवर समजत होतो की ही वारुळं डुकरं उकरतात.

पिसोरी, आता सांग.

पिसोरी (१३ एप्रिल, सकाळी ८:००)

काका, खवले मांजर.

त्याला दात नसतात. पुढच्या पायांच्या लांब नखांनी वारूळ फोडायचं आणि चिकट जिभेने वाळवी, मुंग्या ओढून घ्यायच्या. ती नखं झिजू नयेत म्हणून चालताना पंजे आत दुमडतं, म्हणून तुम्हाला "मूठ टेकल्यासारखं" दिसलं. तुम्ही ते शब्द लिहिलेत तेव्हाच मला शंका आली होती. ओढ शेपटीची. कधी उमटते, कधी शेपूट जरा उचललेली असते.

नाव काढायला का सांगितलं ते आता कळलं असेल. खवल्यांसाठी याची चोरटी शिकार होते. ते खवले म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचा पदार्थ, औषधी गुण काही नाही. २०१६ मध्ये जगभरातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, २०२० मध्ये चीनने आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतूनही खवले वगळले, तरी तस्करी थांबलेली नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. आणि पकडायला इतकं सोपं जनावर नाही. घाबरलं की पळत नाही, गुंडाळी करून पडून राहतं. बिबट्यापुढे ते चालतं, पोत्यापुढे नाही. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था कोकणात याच्यासाठी गावोगाव काम करते, त्यांच्याशी बोला. संशयास्पद माणसं दिसली तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे.

कॅमेऱ्याचं असं करा. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर आणा. खिंडारापासून तीन-चार मीटर मागे घ्या. वाटेला काटकोनात नको, जरा तिरका ठेवा, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. फोटोऐवजी पंधरा सेकंदांचा व्हिडिओ लावा. आणि वारुळापाशी किंवा बीळ सापडलं तर बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावू नका. बीळ शोधूही नका खरं तर. आपल्या पायवाटेने दुसरं कोणी तिथे पोचतं.

परडं तुमचं आहे तोवर कोणाला विचारायची गरज नाही. पऱ्यापलीकडे वनखात्याची जमीन असेल तर तिथे परवानगीशिवाय लावू नका.

माजी_वनरक्षक (१३ एप्रिल, सकाळी ९:१०)

बरोबर. २६ वर्षांत मी ते जिवंत दोनदाच पाहिलं. एकदा विहिरीतून काढलं होतं. दुसऱ्यांदा रस्त्यावर माझ्या मोटारसायकलच्या उजेडात, आणि मी गाडी बंद करून उभा राहीपर्यंत गेलं. भाऊ, तुमच्या राखेतून ते आठवड्यातून तीनदा जातंय.

जुळारी (२७ एप्रिल, रात्री १०:५५)

उशीर झाला, क्षमस्व. सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

कॅमेरा खाली आणला. पहिल्या रात्री बेडूक. दुसऱ्या रात्री बेडूक. तिसऱ्या रात्री डुकराने नाकाने पेटी उलथवली, त्यानंतरचे सगळे व्हिडिओ आभाळाचे. मग चिऱ्याचा तुकडा लावून पक्की केली. हिने एक चांगली सूचना केली. पऱ्यावर धुणं धुवायला बायका याच उताराने जातात, त्यांना सांगा की इथे कॅमेरा आहे आणि दिवसा तो बंद ठेवा. ते मला सुचायला हवं होतं. आता सकाळी बंद, रात्री दहाला चालू, राखेबरोबरच.

नऊ दिवस राखेतही काही नाही. वारुळाचं भोक तसंच. मला वाटलं, मी त्या दिवशी ओणवा होऊन एवढा फिरलो तो वास राहिला असेल.

२२ तारखेला, रात्री २:३१. पंधरा सेकंदांचा व्हिडिओ, त्यातली पहिली अकरा सेकंदं गडगा. मग चौकटीच्या डाव्या कडेतून एक शेपूट बाहेर जाते. बस, शेपूट. बाकीचं जनावर माझ्या केळीच्या बुंध्यामागे. पण त्या शेपटीवरचे खवले नळ्याच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले, स्पष्ट. मी ती चार सेकंदं किती वेळा पाहिली ते सांगत नाही.

२५ तारखेला २:०८ ला पूर्ण दिसलं. आलं, राखेच्या कडेला थांबलं. नाक खाली घातलं, राख हुंगली आणि फुर्रकन उडवली, नाकात गेली असावी. मग मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. पुढचे दोन्ही हात पोटाशी दुमडलेले, मान जरा पुढे. सत्यनारायणाला उशिरा आलेला पाहुणा दारातच आत कोण कोण आहे ते बघत उभा राहतो ना, अगदी तसं. पुढचे पाय फारसे टेकवतच नाही ते, मागच्यांवरच तोल सांभाळत डुलत जातं. म्हणून पुढच्या पावलांचे ठसे इतके पुसट होते. हे मला राखेवरून कधीच कळलं नसतं. आणि राख नसती तर ते येतं हेच कळलं नसतं, मी कॅमेरा परत जावयाला दिला असता.

मग आंब्याच्या बुंध्याला अंग घासत गेलं. जिथे पूर्वी कॅमेरा टांगला होता, बरोबर त्याच्या खालून.

व्हिडिओ इथे टाकत नाही, पिसोरीला आणि वनरक्षक साहेबांना वेगळा पाठवला आहे. संस्थेशी बोलणं झालं, त्यांनीही हेच सांगितलं.

खिंडार बांधायला गवंडी परवा येणार होता. त्याला फोन करून सांगितलं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. ही काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.

अण्णा आज संध्याकाळी गडग्यापाशी उभे होते. म्हणाले, "काय हो, एवढे दिवस राखेत डोकं घालून बसलात, शेवटी निघालं काय?"

म्हटलं, "मांजर."

"तरी मी सांगत होतो," म्हणाले आणि गेले.